शेळीने खाल्लेली वेणी

बाजारपेठेच्या टोकाला चष्म्याच्या दुकानाला लागून एक पार्लर होतं आणि ते चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली कात्रीमावशी म्हणायची. हे नाव कुणी पाडलं ते तिलाही आठवत नव्हतं, पण तिला ते आवडायचं. बाईला स्वतःबद्दल शंका अशी कधी यायचीच नाही. खुर्चीत कुणीही येऊन बसो, ती आधी डोक्याकडे बघायची, मग आरशातल्या चेहऱ्याकडे, आणि म्हणायची, "कळलं." आणि तिला खरंच कळलेलं असायचं. कुणी मासिकातला फोटो घेऊन आलं तर ती तो हळूच पालथा घालून ठेवायची. "हे केस हिचे आहेत. आपण तुझ्या केसांचं बोलू." गिऱ्हाईक फुरंगटून जायचं आणि केस वाढले की मुकाट्याने परत यायचं.

शेजारच्या चष्मेवाल्याशी तिचं जमलं ते असंच खुर्चीत. चष्मा काढला की त्या माणसाला स्वतःचं नाकसुद्धा दिसत नसे. त्यामुळे केस कापून होईपर्यंत तो पूर्णपणे तिच्या भरवशावर असायचा आणि त्याची त्याला काही हरकत नसायची. इतका निर्धास्त बसणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. पुढे केस वाढलेले नसतानाही तो येऊ लागला, तेव्हा तिने सरळच विचारलं, "केस कापायचेत की लग्न करायचंय?" तो बराच वेळ चष्मा पुसत बसला आणि मग म्हणाला, "दुसरं."

पण तिथून पुढे गाडी हलेना. चष्मेवाल्याची बायको मुलगी अगदी लहान असतानाच गेली होती. घरात ती मुलगी होती, चिंगी, आता तिसरीत जाणारी. आणि चिंगीची आजी होती, बायकोची आई. लेक गेल्यावर ती चार दिवसांसाठी म्हणून आली आणि नातीला सोडून तिचा पाय निघालाच नाही. घर तिच्यावर चालत होतं, आणि तिच्या मनाविरुद्ध काही करणं चष्मेवाल्याच्या स्वभावात नव्हतं. "आजींचं मन होऊ दे," असं तो दर खेपेला म्हणायचा. मावशी रविवारी त्यांच्या घरी जायची, तेव्हा आजी तिचं नीट आगतस्वागत करायची, खायला-प्यायला द्यायची आणि न चुकता 'अहो-जाहो' करायची. ते अहो-जाहो पाहुण्याला पाहुणाच ठेवून दारापर्यंत पोचवून येणारं होतं.

चिंगीची वेणी कमरेपर्यंत होती. पहिल्याच रविवारी तिने मावशीसमोर उभं राहून सांगून टाकलं होतं, "माझ्या केसांना हात लावायचा नाही. माझी वेणी फक्त आजी घालते."

"बरं," मावशी म्हणाली, आणि तो शब्द तिने पाळला. तिच्या डोळ्यांना मात्र कोण आवरणार? वेणीची टोकं फुटलेली होती. शिवाय अलीकडे वेणी एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल पडायला लागली होती. आजीचा उजवा अंगठा दुखत असणार, हे तिने ओळखलं होतं. पण दुसऱ्याने घातलेल्या वेणीला नावं ठेवायची नाहीत, हा तिचा धंद्यातला नियम होता.

सगळ्यांनी मिळून प्राण्यांच्या बागेत जायचं ही कल्पना चष्मेवाल्याची. शहराबाहेर एक बाग होती, तिथे प्राणी नुसते पिंजऱ्याबाहेरून बघायचे नसत. त्यांना खायला घालता यायचं, मांडीवर घेता यायचं, खरारा करता यायचा. दारातच ओळीने नळ होते आणि वर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'आधी हात धुवा, मग हात लावा.' आजीने ती पाटी वाचली आणि म्हणाली, "चला, कुणीतरी शहाणं आहे इथे."

सकाळ छान गेली. सशांच्या खोलीत मांडीवर टॉवेल अंथरून ससा ठेवायचे. चिंगीच्या मांडीवरचा ससा झोपून गेला, त्यामुळे तिने कितीतरी वेळ श्वाससुद्धा बेताबेताने घेतला. पोपटांच्या जाळीत एक पोपट चष्मेवाल्याच्या खांद्यावर बसला आणि त्याच्या चष्म्याची काडी चोचीत धरून वाकवू लागला. "अरे, नवी फ्रेम आहे ती," असं तो पोपटाला समजावून सांगत राहिला. आजीने तर कमालच केली. अजगर गळ्यात घेणाऱ्यांच्या रांगेत ती कुणाला न विचारता जाऊन उभी राहिली. अजगर खांद्यावर आला तशी म्हणाली, "मला वाटलं ओला असेल. हा तर चामड्याच्या पर्ससारखा आहे." जावई चार हात लांब उभा होता.

मावशीला मिळालं गाढव. खराऱ्याचा ब्रश हातात आल्यावर तिला राहवेना. "काय हो, शेवटचं कधी विंचरलं होतं?" तिने गाढवाला विचारलं. "मानेवर गुंता झालाय. कोरडे पडलेत केस. उन्हात फार फिरता का?" गाढवाने कान मागे टाकले. चिंगी खुदकन हसली, आणि मावशीच्या बोलण्यावर ती हसली अशी ही पहिलीच वेळ होती. मावशीने तिकडे पाहिलं नाही. ती गाढवाचा भांग पाडत राहिली.

पुढे एका लाकडी ओट्यावर मेंढीची लोकर कातरून दाखवत होते. कातरणारा माणूस मेंढीला बसती करून, तिची पाठ आपल्या गुडघ्यांत धरून काम करत होता. यंत्राच्या आवाजाला लहान मुलं भितात म्हणून त्याने जुन्या पद्धतीची, दोन रुंद पात्यांची मोठी कात्री घेतली होती. लोकर रजईसारखी एकसंध उलगडत खाली येत होती. मावशी ते बघत इतकी रमली की बाकीचे पुढे गेलेले तिला कळलंच नाही.

आणि तेवढ्यात ते घडलं.

चिंगीच्या वेणीची रिबीन सुटली होती, म्हणून आजीने तिला एका बाकावर बसवलं. बाकाची पाठ शेळ्यांच्या कुंपणाला लागून होती. आजी गाठ मारू लागली, पण गाठ काही बसेना. मग पर्समधून चष्मा काढायला ती जरा वळली. तेवढं पुरलं. कुंपणाच्या फळ्यांमधून एक तपकिरी दाढीवालं तोंड बाहेर आलं, त्याने वेणीचं टोक उचललं आणि चघळत चघळत आत ओढायला सुरुवात केली. ही त्या कळपातली सगळ्यात खादाड शेळी. बागेतले लोक तिला बाईसाहेब म्हणायचे.

चिंगीची किंकाळी ऐकून मावशी धावली. कुंपणापाशी रस्सीखेच चालली होती. शेळी वेणी ओढत होती, आणि चष्मेवाल्याने घाबरून मुलीला काखांत धरून उलट्या बाजूला ओढायला सुरुवात केली होती. मुलीचं डोकं मागे ताणलं गेलं होतं. आजी हातातली पर्स शेळीच्या नाकावर आपटत होती आणि शेळी डोळे मिटून चावत होती.

"सोड तिला," मावशी चष्मेवाल्याला म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण त्याने लगेच सोडलं. मावशीने दोन्ही मुठींनी चिंगीची वेणी मानेजवळ घट्ट पकडली. आता शेळी कितीही ओढो, ओढ मावशीच्या मुठींना बसत होती, डोक्याला नाही. "चिंगी, पुढे जाऊ नकोस. मागे सरक. अजून. टेक कुंपणाला. आता दुखतंय?"

चिंगी रडता रडता थांबली. "नाही," तिने नवल वाटून सांगितलं.

"मग आता घाई नाही. कुणीतरी शेळ्या सांभाळणाऱ्यांना बोलवा."

गमबूट घातलेली शेळीवाली बाई पळतच आली. तिने शेळीच्या जबड्याच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात तिथून अंगठा आत घातला. बाईसाहेबांनी नाइलाजाने तोंड उघडलं. वेणी बाहेर आली, रिबीनसुद्धा आली. पण अर्ध्याच्या खालची वेणी ओली, हिरवी आणि लगद्यासारखी झाली होती. त्याहून वर, खांद्याच्या थोडं खाली, तीनपैकी दोन पेड दाढांखाली सापडून तुटले होते.

आजीने ते हातात घेऊन पाहिलं. तिचा चेहरा आक्रसला. "कशाला आणायचं पोरीला असल्या ठिकाणी," असं ती जावयाला म्हणाली, आणि मग मावशीकडे वळली. "झालं ना तुमच्या मनासारखं? कापायलाच टपला होतात तुम्ही."

मावशीचे कान तापले. इतके रविवार तिने हात आवरून धरला होता, आणि त्याचं हे फळ. चष्मेवाला "आई, अहो..." एवढंच म्हणून अडखळला.

"आजी," मावशी म्हणाली, "मला राग आलाय. तो मी नंतर करीन. आधी चिंगी कुठे गेली बघा."

कारण बाकावर चिंगी नव्हती.

ती सापडली चाऱ्याच्या खोलीत, वाळल्या गवताच्या गठ्ठ्यांमागे. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि ओली वेणी तिने पोटाशी धरली होती. "कुणी हात लावायचा नाही," ती आतूनच म्हणाली. चष्मेवाला काहीतरी बोलणार होता, पण मावशीने त्याला दारातच थांबवलं आणि स्वतः जरा अंतर ठेवून जमिनीवर फतकल मारून बसली.

"नाही लावत. बघू का नुसतं?"

"लांबून."

"मला लांबूनच दिसतं." मावशीने बघितलं. तिने बघायला नेहमीइतकाच वेळ घेतला. "खरं सांगू की बरं वाटेल असं सांगू?"

चिंगीने नाक ओढलं. "खरं."

"खालचं गेलं. खांद्यापर्यंतचं वाचेल. धुतलं, विंचरलं, काहीही केलं तरी त्याखालचं राहणार नाही. तुटलेला केस जोडता येत नाही."

"तुलापण?"

"मलापण. मला कापता येतं, चिकटवता नाही येत."

चिंगीने हातातल्या वेणीकडे पाहिलं. मग तिने जे सांगितलं ते मावशीच्या ध्यानीमनी नव्हतं. "आजी वेणी घालताना मला आईच्या गोष्टी सांगते. रोज एक. वेणी झाली की गोष्ट संपते. वेणीच नसली तर ती कधी सांगणार?"

केसांच्या सगळ्या तक्रारींवर मावशीकडे तोडगा असे, पण ही तक्रार केसांची नव्हती. तिने दाराकडे पाहिलं. आजी जावयाच्या मागे येऊन उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

आजी आत आली. एका गठ्ठ्यावर बसली. तिने आपले दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाली, "चिंगे, सकाळी माझी बोटं आखडलेली असतात. गाठ बसत नाही, पेड सुटतात. बोटं मोकळी व्हायला वेळ लागतो, म्हणून मी गोष्ट लांबवते. नाहीतर तुझ्या आईने पातेलं करपवलं, ही काय इतका वेळ सांगण्यासारखी गोष्ट आहे?"

"पण मला ती आवडते."

"मग मी ती सांगीन की. गोष्टीला वेणी कशाला लागते?"

"मग कधी सांगशील?"

आजीने विचार केला. "तू दात घासशील तेव्हा. म्हणजे तू मध्ये बोलणार नाहीस."

चिंगीच्या तोंडावर हसू आलं, मग पुन्हा रडू, मग दोन्ही एकदम. शेवटी ती गठ्ठ्यामागून बाहेर आली, तिने कपड्यांवरचं गवत झटकलं आणि आपल्या अटी सांगितल्या. वेणी आजीने धरायची. कापायची मावशीने. आणि बाबाने बघायचं नाही.

"मी चष्मा काढतो," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याने काढलासुद्धा.

आता प्रश्न कात्रीचा. मावशीच्या पर्समध्ये कंगवा कायम असे, पण रविवारी कात्री दुकानात राहायची. शेळीवाल्या बाईने प्रथमोपचाराच्या पेटीतली बँडेज कापायची कात्री आणून दिली. मावशीने आपल्याच केसांचं टोक कापून पाहिलं आणि कात्री परत केली. "हिने केस कापले जात नाहीत, घाबरतात फक्त." मग ती लोकर कातरणाऱ्याकडे गेली.

तो दचकलाच. "ताई, ही मेंढीची कात्री आहे. माणसावर मी कधी चालवली नाही."

"तुम्ही कुठे चालवताय? मी चालवणार आहे. फक्त धार बघू द्या."

धार उत्तम होती. त्याने गरम पाणी मागवून पाती धुतली, पुसली आणि एकदा त्या मुलीकडे, एकदा मावशीकडे बघून कात्री तिच्या हातात दिली. कात्री जड होती, मूठ कमानीसारखी, दाब सोडला की आपोआप उघडणारी. मावशीने ती हवेत चार-पाच वेळा उघड-मीट केली. पहिल्या वेळी मनगट बिचकलं. शेवटच्या वेळेपर्यंत हात बसला होता.

चिंगी ओट्यावर, जिथे मघाशी मेंढी बसली होती तिथेच, ताठ बसली. वेणी आजीच्या हातात होती. तिची बोटं दुखत असणार, पण तिने वेणी घट्ट आणि सरळ धरली. हजारो डोकी मावशीच्या हाताखालून गेली होती, पण कुठल्याही डोक्याची आजी तिच्याकडे अशी बघत उभी नव्हती. मग तिने चिंगीच्या मानेकडे पाहिलं, केसांच्या वळणाकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, कळलं. कात्री मिटली. करकर असा आवाज आला आणि वेणी आजीच्या हातात राहिली.

"झालं?" चिंगीने विचारलं.

"कापायचं झालं. नीट करायचं राहिलंय. हलू नकोस."

नीट करणं हेच खरं काम होतं. त्या दांडग्या कात्रीची नुसती टोकं वापरून, कंगव्याने एकेक बट उचलत मावशी खांद्याच्या रेषेत केस आणत गेली. दोन्ही बाजू जुळल्या. कपाळावर थोडे केस पुढे घेतले, कारण चिंगीचं कपाळ मोठं आणि छान होतं, पण अर्धं झाकलेलं जास्त छान दिसलं असतं. ती इतकी गढून गेली होती की ओट्याभोवती गर्दी जमल्याचं तिला उशिरा कळलं. लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटत होता. "हे तिकिटातच धरलंय का?" एका गृहस्थांनी विचारलं. एक आई आपल्या दोन मुलींना घेऊन रांग कुठे आहे ते शोधत होती. लोकर कातरणारा हाताची घडी घालून मावशीच्या मनगटाकडे बघत होता. "पुढच्या आठवड्यात आमच्याकडे पुष्कळ मेंढ्या आहेत," तो म्हणाला.

"त्यांना सांगा, वेळ ठरवून या," मावशी म्हणाली.

चिंगीने डोकं डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं. केस उडाले आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. तिने मानेवर हात फिरवला. "थंड लागतंय," ती म्हणाली. मग पुन्हा डोकं हलवलं, या वेळी जोरात, नुसतं मजा म्हणून. शेळीवाल्या बाईने फोन पुढे धरून तिला तिचा फोटो दाखवला. चिंगी त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, आता चष्मा लाव." चष्मेवाल्याने लावला. त्याने नुसती मान हलवली, आणि बराच वेळ हलवत राहिला.

कापलेल्या वेणीचं काय करायचं, असं शेळीवाल्या बाईने हळूच विचारलं. ठेवायची आहे का?

"ठेवून काय करू?" आजी म्हणाली. "शेळीची थुंकी लागलीय तिला." आणि तिने ती वेणी बाजूच्या पाचोळ्याच्या खड्ड्यात टाकली. मग मात्र ती जरा वेळ खड्ड्यापाशी उभी राहिली, आणि तेवढा वेळ तिला कुणी हाक मारली नाही.

नंतर चिंगी बाबाला ओढत बदकांकडे घेऊन गेली. आजी आणि मावशी तळ्याकाठच्या बाकावर बसल्या. आजीने बाकाच्या मागे कोण आहे ते आधी नीट बघून घेतलं.

"मघाशी मी जे बोलले..." आजी म्हणाली.

"बोललात. मला अजून राग आहे."

"किती वेळ राहील?"

"घरी पोचेपर्यंत जाईल. माझा राग फार टिकत नाही, दुकान चालवायचं असतं."

आजी हसली. तळ्याकडे बघत तिने आपला अंगठा चोळला. "तुझ्या लक्षात आलं होतं ना, माझ्या बोटांचं?"

"आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची वेणी होती. मी कशाला बोलू?"

आजी तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. ते दोघींच्याही लक्षात आलं, आणि दोघींनीही ते तसंच राहू दिलं.

"तू राहायला कधी येतेस?" आजीने विचारलं.

मावशीने हे उत्तर किती रविवार तयार ठेवलं होतं. "पुढच्या महिन्यात. आणि दुकानातली एक खुर्ची घरी आणणार आहे, वर-खाली होणारी. तुमचे केस मला पहिल्या दिवसापासून बघवत नाहीत."

आजीचा हात अंबाड्याकडे गेला. "माझ्या केसांना काय धाड भरलीय?"

"खुर्चीत बसा, मग सांगते."

चष्मेवाला तळ्याला वळसा घालून आला. हातात चहाचे कागदी पेले होते, चष्म्याची एक काडी पोपटाने वाकवलेली होती आणि चालताना तो एका बाजूला झुकल्यासारखा वाटत होता. दोघींना शेजारी शेजारी बसून बोलताना पाहून तो लांबच थबकला. शेवटी त्याने धीर करून पेले पुढे केले. "काय ठरलं?"

"तुमचं लग्न," आजी म्हणाली, आणि एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "यात साखर घालायला विसरलात."